कॅनव्हासला काकवीचा हात

गेल्या महिन्यात एका दुपारी मी फ्रिज उघडला आणि उभ्या उभ्या चमचाभर सरस खाल्ला. सरस म्हणजे सुतार लाकडं चिकटवायला वापरायचे तोच. बरं, दुसऱ्या कुणी फसवलं म्हणावं तर तीही सोय नाही. तो मीच भिजवला होता, मीच गरम केला होता, मीच स्टीलच्या डब्यात ओतून फ्रिजमध्ये ठेवला होता. आणि झाकणावर काहीतरी लिहून ठेवावं असं मनात आलं तेव्हा ‘घरात माणसं दोन, कोण खातंय’ असंही मीच स्वतःला सांगितलं होतं. सरस थंड झाला की थिजतो आणि गुळाच्या खरवसासारखा दिसतो. चमचा लावला की थरथरतोही तसाच. जेवण होऊन तासभर झाला होता, मेधा, माझी बायको, आत पडली होती, अशा वेळी माणूस खरवसाला कशाचा केलाय म्हणून विचारत नाही. चव सांगायची तर पावसात भिजून तीन दिवस दाराबाहेर राहिलेली चप्पल. मी बेसिनवर वाकून जे आवाज काढले त्यांनी मेधा उठून बाहेर आली. ती काय म्हणाली ते शेवटी सांगतो, कारण ते कळायला आधी आमच्या मुलुंडच्या घरातला एक श्रावण, आप्पा लेले आणि आईची काकवी हे सगळं कळायला हवं.

मुलुंड पूर्वेला आमची जुनी तीन मजली इमारत होती. पहिल्या मजल्यावर आम्ही परब, आमच्या डोक्यावर लेले. दोन खोल्या, एक गॅलरी, आणि त्या गॅलरीत दोरी, कपडे, आईची ओव्याची कुंडी, बाबांची सायकल आणि मी. मी चित्रकलेच्या कॉलेजात होतो आणि शेवटचं वर्ष बाकी होतं. बाबांना चित्रकलेबद्दल आकस नव्हता, पण तिच्यावर भरवसाही नव्हता. त्यांच्या हापिसात एक जागा निघणार होती आणि साहेबांनी ‘तुमच्या मुलाचं काय, परब?’ असं दोनदा विचारलं होतं. साहेब दोनदा विचारतो म्हणजे काय, हे बाबा जेवताना मला रोज समजावून सांगत. मी मान खाली घालून सोलकढी ओरपत असे. आमच्या घरात वाद अंगावर आला की सोलकढी ओरपायची पद्धत होती. त्या आवाजात पुढचं वाक्य ऐकू येत नाही.

त्यातच लेल्यांच्या घरी आप्पांचं सहस्रचंद्रदर्शन ठरलं. आप्पा पोस्टातून निवृत्त झालेले, मिशा पांढऱ्या आणि जाड, आणि स्वभाव चिंचेचा. पाण्याचा पंप, जिन्यातला दिवा, कबुतरं, कुणाच्या तरी कुकरच्या शिट्ट्या, त्यांची तक्रार नाही अशी एकही गोष्ट इमारतीत नव्हती. त्यांना येताना पाहून लोक जिन्यात बुटाची नाडी बांधायला बसत, चपला घातलेलेसुद्धा. प्रेम त्यांचं एकाच जातीवर होतं, ते म्हणजे मुंग्या. रोज सकाळी पूजा झाली की गॅलरीच्या कोपऱ्यात काळ्या मुंग्यांना चिमूटभर साखर घालायची, हा त्यांचा नेम. तर अशा आप्पांचं तैलचित्र करून समारंभात लावावं असं त्यांच्या नातीच्या, म्हणजे मेधाच्या मनात आलं. ती माझ्याच वयाची, आणि जिन्यात उभं राहून बोलण्याइतकी ओळख होती. ती खाली आली आणि दारातूनच म्हणाली, “दिगंबर, तू माणसं काढतोस का रे? की नुसती मडकी?”

मी तोवर मडकीच काढत होतो. पण हो म्हणालो.

बाबांनी हे ऐकलं, पेपर खाली ठेवला आणि तिथल्या तिथे निकाल लावला. “आप्पांचं चित्र त्या दिवशी भिंतीला लागलं आणि चार माणसांनी बरं म्हटलं, तर शेवटचं वर्ष कर. मी एक शब्द बोलणार नाही. नाही जमलं तर दिवाळीनंतर माझ्याबरोबर हापिसात. आहे कबूल?” कबूल नसून सांगतो कुणाला. त्या दिवशी सोलकढीही नव्हती.

आता चित्र काढायचं म्हणजे आधी कापड तयार करायचं. आजकाल पांढराशुभ्र कॅनव्हास प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून घरपोच येतो आणि माझ्या शाळेतल्या मुलांना वाटतं की तो झाडालाच लागतो. तेव्हा आम्ही मांजरपाट आणायचो, चौकटीवर मधल्या खिळ्यापासून कोपऱ्यांकडे ताणत ठोकायचो आणि मग खरा खेळ सुरू व्हायचा. आमचे सर म्हणायचे, “कापड आणि तेल यांची गाठ पडू द्यायची नाही. तेलाने कापड कुजतं. त्या दोघांच्या मध्ये कुणीतरी उभं राहायला हवं.” मध्ये उभा राहतो तो सरस. रात्रभर भिजवायचा, पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून हलका तापवायचा, त्याचा पातळ हात कापडावर फिरवायचा. वाळल्यावर कापड ढोलकीसारखं वाजलं पाहिजे. मग त्याच सरसात खडूची भुकटी, जस्ताचा सफेदा, अगदी थोडं जवसाचं तेल घालून पांढरे हात द्यायचे, एक उभा, एक आडवा, मधे पॉलिश पेपर. मला हे काम चित्र काढण्यापेक्षा जास्त आवडायचं, अजूनही आवडतं. पांढऱ्या कॅनव्हासवर कुणी नाक वाकडं झालंय म्हणू शकत नाही.

मी सकाळी आई अंघोळीला गेल्याचं बघून तिच्या दुधाच्या टोपात सरस चढवला. सरसाचा वास असा असतो की तो आधी तुमच्या नाकाला कळतो, मग शेजाऱ्यांच्या, आणि सगळ्यात शेवटी तुमच्या अकलेला. आई ओले केस पंच्यात गुंडाळून बाहेर आली. एरवी ती मुंबईचं मराठी बोलायची. रागावली की थेट मालवणात.

“दिग्या, ह्या काय शिजवतंस?”

“सरस आहे गं. कापडाला लावायला.”

“तो कशाचो करतत?”

इथे खोटं बोलायला हवं होतं. मी कॉलेजात शिकलेलं ज्ञान पाजळलं. “जनावरांची कातडी, हाडं, असं सगळं उकळून.”

आईने आधी देव्हाऱ्याकडे पाहिलं, मग कॅलेंडरकडे, मग माझ्याकडे. “श्रावणात? माझ्या गॅसार हाडां? पंदरा दिस झाले घरात सुंगट-मासळी नाय इली, तुझ्या बापाशीन सुक्या बांगड्याचा नाव काढूक नाय, आणि तू माझ्या दुधाच्या टोपात हाडां उकळतंस?”

“आई, हे खायचं नाहीये.”

“मगे तर आणखीनच वायट. खायचा नाय तर कित्याक उकळतंस?”

बांगड्याचं नाव निघालेलं ऐकून बाबा बाहेर आले, टोपात डोकावले आणि निराश होऊन परत गेले. टोप गॅलरीत गेला, सरस मोरीत गेला, आणि श्रावण संपेपर्यंत घरात सरसाचं नाव काढायचं नाही असं ठरलं. पण श्रावण संपेपर्यंत थांबलो तर पुढे गणपती, मग रंग वाळायचा कधी, नवरात्रातल्या रविवारी तर समारंभ. मी हे सगळं आईला इतक्या रडक्या आवाजात सांगितलं की तिचाच जीव हलला. दुपारी तिने बाबांच्या शर्टांसाठी साबुदाण्याची खळ केली होती, त्यातली वाटीभर माझ्यापुढे ठेवली. “ही लाव. कापडाक खळ लावल्यार ताठ रवता. उपासाचीपण आसा.”

उपासाचा कॅनव्हास. मला कल्पना पटली. आज मी शाळेत मुलांना ठामपणे सांगतो की नसती हुशारी करू नका, पण त्या वयात वाटतं की शोध लावायला आपणच जन्मलोय. खळ लावली, कापड वाळलं, चक्क वाजलं. मग सरांचं आणखी एक वाक्य आठवलं: लेप कडक होऊन तडकू नये म्हणून त्यात थोडा मध घालतात. घरात मध नव्हता. गावाहून आलेली काकवीची बाटली मात्र होती, घावन्यांबरोबर खायची, काळी, दाट, चमच्याला लोंबणारी. ‘थोडा’ म्हणजे सरांच्या घरी थेंब असेल. आमच्या घरी थोडं म्हणजे पळीभर. पाहुण्याला थेंब वाढला तर आई तोंड दाखवायला जागा उरत नाही म्हणायची. तिने स्वतः पळी उपडी केली आणि वर म्हणाली, “घाल, घाल. पोरगो काय रोज रोज मागता?”

साबुदाणा, काकवी, खडू आणि सफेदा. दिसायला दृष्ट लागण्यासारखा पांढरा हात बसला. वाळता वाळत नव्हता, हवाच तशी होती. चौकट कधी कपड्यांच्या दोरीमागे, कधी पंख्याखाली पलंगावर. एका सकाळी बाबा तिला टेकून मोजे घालत बसले आणि पाठीवर पांढरा चौकोन घेऊन हापिसात गेले. संध्याकाळी येऊन म्हणाले, “साहेबांनी विचारलं, परब, घराला रंग काढलात वाटतं? मी हो म्हणालो. मुलगा चित्रकार आहे असं सांगायला जीभ वळली नाही.” म्हणाले ते हसतच, पण मला ते हसू चार दिवस पुरलं.

मग आप्पांची बैठक सुरू झाली. पहिल्या दिवशी आरामखुर्चीत ताठ बसून म्हणाले, “अर्धा तास बसेन. कुठे बघायचं ते सांग आणि बोलू नकोस.” मी बोललो नाही. आप्पाच बोलले. कोकणात कुठल्याशा खेड्यात पोस्टात असताना पुरात टपालाची थैली डोक्यावर घेऊन ओढा ओलांडला ती हकिकत, मग त्यांच्या मास्तरांची, मग आंब्याच्या चोरीची. चहा घेऊन मेधा आली आणि दाराशीच थांबली. मला नंतर म्हणाली, “ही थैलीची गोष्ट आम्ही कुणी पुरी ऐकलीच नव्हती रे. त्यांनी सुरू केली की आई कुकर लावते.” चौथ्या-पाचव्या दिवसापासून आप्पा इस्त्रीचा सदरा घालून तासभर आधीच तयार असत आणि गॅलरीतून खाली ओरडत, “परब, तुमचा चित्रकार झोपला काय?” मी वर गेलो की मिशी पिळून बसत. तक्रारी होत्याच, पण आता त्या चित्राबद्दल होत्या, आणि त्यांत गोडवा होता. मला समोर बसून त्यांच्याकडे टक लावून पाहावंच लागे. इमारतीत कुणी ते बऱ्याच वर्षांत केलं नव्हतं, मीसुद्धा नाही. मीही बुटाची नाडी बांधणाऱ्यांपैकीच.

चित्र झालं तेव्हा त्यांना ते मान्य नव्हतं. “कान नीट झालाय का बघ. मला तर भुवई कमी वाटते. आणखी दोन दिवस लागतील तुला.” दोनचे चार झाले. शेवटी मीच म्हणालो, आप्पा, झालं आता, वाळू दे. त्यांनी खुर्ची खिडकीपासून पुन्हा भिंतीकडे सरकवून ठेवली. चित्र वाळायला त्यांच्याच गॅलरीत ठेवलं, कोपऱ्यात, पाठ बाहेर करून. त्या कोपऱ्यात रोज सकाळी काय पडतं हे मला ठाऊक होतं. काकवीत काय असतं हेही ठाऊक होतं. ही दोन ज्ञानं माझ्या डोक्यात एकमेकांना भेटलीच नाहीत.

समारंभाच्या दिवशी लेल्यांच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. मसालेभाताचा वास, जिलब्यांची परात, नव्या साड्यांची सळसळ. आप्पा पाटावर, शेजारी खुर्चीवर चित्र, त्यावर उपरणं. बाबा पहिल्या रांगेत, हापिसातले दोघे सोबत घेऊन. आई मागे बायकांत. मेधाने उपरणं ओढलं आणि खरंच, चार नाही, दहा माणसं ‘वा’ म्हणाली. बाबांनी हापिसातल्या माणसाकडे वळून हळूच सांगितलं, “मुलगा चित्रकार आहे माझा.” ते वाक्य मी अजून जपून ठेवलंय. ते पूर्ण वाक्य होतं, हे महत्त्वाचं, कारण पुढच्याच क्षणी कुणा हौशी आत्याने सुचवलं की चित्रालाही ओवाळा. मेधाच्या आईने ताट चित्रासमोर धरलं, आणि आप्पांच्या डाव्या कानातून एक मुंगी बाहेर आली.

मग तिच्यामागून तिचं घराणं. गालावरून, नाकाच्या बाजूने, ओळीने, शिस्तीत, जणू त्यांनाही आमंत्रण होतं. चित्राच्या पाठीमागून त्यांनी साबुदाण्याचा सगळा लेप आठवडाभर सावकाश पोखरला होता आणि रंग नुसता सवयीने उभा होता. मेधाच्या आईने वाकून पाहिलं, ताट चौकटीला लागलं, आणि मिशीची डावी बाजू सुटून निरांजनाशेजारी पडली.

आप्पांनी आधी स्वतःची मिशी चाचपली. आहे म्हटल्यावर ताटातली उचलून पाहिली.

कुणी हसलं नाही, हेच भयंकर होतं. बाबा उठून उभे राहिले. त्यांचा आवाज चिडलेला नव्हता, थकलेला होता. “दिगू, घरी चल. दिवाळीनंतर आपण साहेबांना—”

“परब, बसा खाली,” आप्पा म्हणाले. “दिवाळीनंतर हा कुठे जाणार? माझी मिशी अर्धी आहे.”

“आप्पा, पोराने तुमच्या दिवसाची वाट लावली.”

“माझा दिवस माझ्याकडे राहू द्या. हे परत काढायला हवं. पहिल्यापासून. मी परत बसतो.” मग माझ्याकडे वळून, “घाईने काढायचं नाही यावेळी. तुला भुवई तरी कुठे जमली होती? वर्ष लागलं तरी चालेल, पण कॉलेजातल्या तुझ्या सरांना विचारून नीट काढ. हापिसात बसून माझं तोंड पुरं होणार आहे का, परब, तुम्हीच सांगा.”

बाबांनी सोलकढीसाठी इकडेतिकडे पाहिलं असावं. ऐंशी ओलांडलेल्या माणसाला त्याच्याच समारंभात, जिलबीच्या परातीसमोर, नाही कसं म्हणणार? “बघू,” म्हणाले. आमच्या घराण्यात ‘बघू’ म्हणजे हरलो. तेवढ्यात मागून आईचा आवाज आला. ती बाजूच्या बाईला समजावत होती, “मुंग्यांका बरोबर कळता. गावची काकवी ती, बाजारातली न्हय.” आधी मेधा फिस्सकन हसली, मग आप्पा, आणि मग घर. मुंग्यांना अर्थातच आप्पांनी कुणाला हात लावू दिला नाही. चित्र खुर्चीसकट गॅलरीत नेऊन ठेवलं आणि आप्पांनी त्यांना जिलबीचा तुकडा वाढला.

दसरा झाल्यावर आईने गॅलरीतला तो टोप माझ्या हातात दिला. “शिजव काय ता. पण ह्यो परत माझ्या ओट्यार दिसाक नको.” तो सरस कशाचा असतो हे आप्पांना सांगावं की नाही या विचारात मी चार दिवस घालवले. शेवटी सांगितलं. ते म्हणाले, “रोज सकाळी मी डॉक्टरची ती रंगीत कॅप्सूल गिळतो. तिचं कवच कशाचं असतं ते त्याला विचारू नकोस असं मी स्वतःलाच सांगितलंय. तू सरस लाव. मी मुंग्यांकडे बघतो.” दुसरं चित्र पुरं व्हायला पुढचा श्रावण उजाडला. मधे मी शेवटचं वर्ष केलं, आप्पांनी थैलीची गोष्ट तीन वेगवेगळ्या शेवटांनी सांगितली, आणि मेधा रोज चहा घेऊन येत राहिली, दोन कपांचे पुढे तीन झाले. बाबांच्या हापिसातली ती जागा कुणाला मिळाली, आम्ही कधी विचारलं नाही. ते चित्र आता बोरीवलीच्या आमच्या हॉलमध्ये आहे. पाठीवर टिचकी मारली की अजून वाजतं.

मी पुढे शाळेत चित्रकलेचा मास्तर झालो, चित्रकार म्हणून नाव झालं नाही. पांढरे करून ठेवलेले कॅनव्हास पलंगाखाली भरपूर आहेत. मेधाचं चित्र मात्र कधी काढलं नाही. ती कधी बसली नाही आणि मी कधी नीट विचारलं नाही. यंदा विचारलं. रोज संध्याकाळी तासभर बसेन म्हणाली. फ्रिजमधला तो सरस तिच्याच कॅनव्हाससाठी होता.

तर त्या दुपारी मी बेसिनवर वाकलेला, ती शेजारी उभी. तिने डबा उघडला, वास घेतला, चमच्याचा खड्डा पाहिला, आणि काय झालं असेल ते तिला कळलं. मला पाणी दिलं. मग ओट्याच्या वरच्या फळीवरून एक बाटली काढून माझ्यापुढे ठेवली.

“ह्यात थोडी काकवी घाल,” ती म्हणाली.

“अगं, मुंग्या लागतील.”

“लागू देत. मग मी परत बसेन.”